टेंपल ऑफ द डॉग आणि अँड्र्यू वुड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंज, म्हणजे अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून पुढे आलेलं जड रॉक संगीत, म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनचं येतं. कोबेन गेला १९९४ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी सिॲटलनं आणखी एक गायक गमावला होता, अँड्र्यू वुड, आणि वुडच्या मित्रांनी त्याच्या आठवणीत टेंपल ऑफ द डॉग या नावानं एक अल्बम केला होता. तो अल्बम पहिल्यांदा ऐकणारे लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

टेंपल ऑफ द डॉग हा ट्रिब्यूट बँड आहे का?

हो, पण नेहमीच्या ट्रिब्यूट बँडपेक्षा फार वेगळा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ म्हणून गाणारे कलाकार असतात. आवाज तोच, लकबी त्याच, कधी कधी कपडेही तसेच. अमेरिका-युरोपातले बहुतेक ट्रिब्यूट बँड हेच करतात, आणि मनापासून केलं तर त्यातही मोठा आनंद आहे. टेंपल ऑफ द डॉगच्या अल्बमवर मात्र ज्याच्यासाठी तो केला त्या अँड्र्यू वुडचं एकही गाणं नाही. दहाच्या दहा गाणी नवी आहेत.

बँडमध्ये होते साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल आणि ड्रमर मॅट कॅमेरॉन, वुडच्याच मदर लव्ह बोन या बँडमधले गिटारिस्ट स्टोन गॉसर्ड आणि बासवादक जेफ अमेंट, आणि लीड गिटारवर माइक मॅक्रेडी. पुढे पर्ल जॅम या बँडचा गायक म्हणून गाजलेला एडी व्हेडर पाहुणा म्हणून आला. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

अँड्र्यू वुड कोण होता?

जन्म ८ जानेवारी १९६६, मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावी. वाढला मात्र वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज आयलंडवर, म्हणजे सिॲटलहून फेरीबोटीनं जाता येतं त्या बेटावर. १९८० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यानं मोठा भाऊ केव्हिन याच्यासोबत मालफंक्शन नावाचा बँड काढला. ड्रमवर रीगन हेगर. १९८६ मध्ये ‘डीप सिक्स’ नावाचा एक संकलित अल्बम आला. सिॲटलच्या या नव्या आवाजाची पहिली नोंद म्हणून आज तो ओळखला जातो. त्यात साउंडगार्डन, मेल्विन्स, ग्रीन रिव्हर यांच्यासोबत मालफंक्शनही आहे.

वुडची गंमत अशी की तो या मंडळींमध्ये अजिबात बसत नव्हता. बाकीचे मळकट जीन्स घालून, मान खाली घालून वाजवायचे. अँडी चेहरा पांढरा रंगवून, चमचमते कपडे घालून यायचा. किस, क्वीन आणि एल्टन जॉन हे त्याचे देव. समोर क्लबमध्ये मूठभर माणसं असली तरी भरगच्च स्टेडियममध्ये उभं असल्यासारखा तो गायचा आणि लोकांशी बोलायचा. स्टेजवरचं नावही त्यानं स्वतःच ठेवलं होतं : लँड्र्यू द लव्ह चाइल्ड. विनोद, लाडिकपणा, प्रेम आणि एकटेपणा हे सगळं त्याच्या एकाच गाण्यात सापडतं. मला तो ग्रंजमधला सगळ्यात उघड्या मनाचा गायक वाटतो. ‘ग्रंज म्हणजे नुसती उदासी’ असं कुणी म्हणालं तर त्याला आधी वुड ऐकवावा.

ग्रीन रिव्हर फुटल्यावर त्यातल्या गॉसर्ड, अमेंट आणि ब्रूस फेअरवेदर यांनी वुडला सोबत घेऊन १९८८ मध्ये मदर लव्ह बोन उभा केला. ड्रमवर ग्रेग गिलमोर आला. पॉलिग्रामसारख्या मोठ्या कंपनीनं करार केला, १९८९ मध्ये ‘शाइन’ हे छोटं रेकॉर्ड आलं. पहिला पूर्ण अल्बम ‘ॲपल’ही तयार झाला.

त्याचा मृत्यू कसा झाला?

हेरॉइनच्या अतिसेवनानं. व्यसन जुनं होतं. त्यावर त्यानं उपचार घेतले होते, आणि शेवटचे काही महिने तो नशेपासून दूरही होता. १६ मार्च १९९० रोजी तो घरी बेशुद्ध सापडला. सिॲटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात त्याला यंत्रांच्या आधारावर ठेवलं गेलं आणि १९ मार्चला तो गेला. वय २४. ‘ॲपल’ बाजारात येणार होता तो त्याच सुमारास. अल्बम शेवटी जुलैमध्ये आला, आणि त्यातली गाणी स्टेजवर गायला गायकच उरला नाही.

क्रिस कॉर्नेल साउंडगार्डनच्या दौऱ्यावरून परतला तेव्हा वुड रुग्णालयात होता. सिॲटलच्या संगीताचा निरागसपणा लोक समजतात तसा कोबेनच्या मृत्यूनं संपला नाही, अँडीला त्या खोलीत यंत्रांना जोडलेलं पाहिलं तेव्हाच तो संपला, असं कॉर्नेलनं पुढे सांगितलं.

मग हा बँड बनला कसा?

कॉर्नेल आणि वुड एका घरात राहायचे. दोघंही आपापल्या खोलीत चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर गाणी करायचे आणि लगेच एकमेकांना ऐकवायचे. आज तू काय केलंस, मी काय केलं, असा रोजचा व्यवहार. स्टेजवर कॉर्नेल गंभीर, उंच पट्टीत किंचाळणारा. अँडी हसरा, नखरेल. तरी घरी दोघं एकमेकांचे पहिले श्रोते होते.

वुड गेल्यावर काही दिवसांतच साउंडगार्डनला युरोप दौऱ्यावर निघावं लागलं. त्या दौऱ्यात कॉर्नेलनं दोन गाणी लिहिली : ‘से हॅलो टू हेवन’ आणि ‘रीच डाउन’. साउंडगार्डनच्या जड, वाकड्यातिकड्या तालांत ती बसणारी नव्हती. ती मोकळी, संथ, जुन्या रॉकच्या वळणाची होती, बरीचशी मदर लव्ह बोनला शोभेल अशी. परत आल्यावर त्यानं गॉसर्ड आणि अमेंटला विचारलं : ही दोन गाणी तुमच्यासोबत रेकॉर्ड करून एक सिंगल काढूया का?

त्या दोघांची अवस्थाही बिकट होती. बँड गेला होता, मित्र गेला होता. गॉसर्ड लहानपणापासूनच्या ओळखीच्या माइक मॅक्रेडीसोबत नव्या चालींवर काम करत होता, अमेंटही त्यांत आला होता. मॅट कॅमेरॉननं त्यांच्या डेमोवर, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवर, ड्रम वाजवले होते. म्हणजे माणसं आधीच एकमेकांच्या आसपास होती, त्यांना एकत्र बसायला कारण हवं होतं आणि कॉर्नेलच्या दोन गाण्यांनी ते दिलं. दोन गाण्यांचा सिंगल बघता बघता पूर्ण अल्बम झाला. नोव्हेंबर १९९० मध्ये सिॲटलच्या ऑफ रॅम्प क्लबमध्ये ते लोकांसमोर वाजले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिॲटलजवळच्याच लंडन ब्रिज स्टुडिओत १५ दिवसांत सगळं रेकॉर्डिंग उरकलं.

पंधरा दिवस ही घाई नव्हती. कंपनीचा दबाव नाही, हिट गाण्याची अपेक्षा नाही, पुढच्या दौऱ्याची आखणी नाही. प्रत्येकाचं खरं काम दुसरीकडे चालू होतं. या अल्बमला जो मोकळा श्वास आहे तो त्यातून आला, असं मला ठामपणे वाटतं.

वुडचीच अप्रकाशित गाणी त्यांनी का नाही घेतली?

हा विचार झाला होता. वुडनं घरी रेकॉर्ड केलेली स्वतःची गाणी मागे राहिली होती, आणि ती वाजवावीत असं एकदा बोलणं निघालं. पण आपण त्याच्या मृत्यूचा फायदा उठवतोय असं त्याच्या घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना वाटेल, हे लक्षात येताच त्यांनी तो विचार सोडून दिला.

या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. गेलेल्या माणसाची गाणी हाताशी होती, ती वाजवणारे त्याचे स्वतःचे साथीदार होते, लोकांची सहानुभूतीही मिळाली असती. त्यांनी त्याची वस्तू त्याच्याकडेच राहू दिली आणि स्वतःचं जे होतं ते पुढे केलं. आदर दाखवायचा तो असा. वुडची नक्कल कॉर्नेलला जमलीही नसती. त्यानं आपल्या आवाजात आपलं दुःख गायलं.

बँडचं नाव कुठून आलं?

वुडच्या ओळीतून. मदर लव्ह बोनच्या ‘मॅन ऑफ गोल्डन वर्ड्स’ या गाण्यात हे शब्द येतात. त्याची गाणी घ्यायची नाहीत असं ठरवणाऱ्यांनी त्याच्याकडून घेतलं ते एवढंच.

अल्बममधली सगळी गाणी वुडबद्दल आहेत का?

नाही. थेट त्याच्याबद्दल आहेत ती पहिली दोन. ‘से हॅलो टू हेवन’ म्हणजे मित्राला दिलेला निरोप. ‘रीच डाउन’मध्ये कॉर्नेलला स्वप्नात अँडी दिसतो, झगमगत्या पोशाखातला, आयुष्यात मिळाली नाही तेवढी प्रचंड गर्दी समोर असलेला. बाकीची काही गाणी कॉर्नेलनं आधीच लिहून ठेवलेली होती, तर काहींच्या चाली गॉसर्ड आणि अमेंटच्या डेमोंमधून आल्या.

‘टाइम्स ऑफ ट्रबल’चं उदाहरण घ्या. चाल गॉसर्डची. तिच्यावर कॉर्नेलनं आपले शब्द बसवले, आणि त्याच चालीवर एडी व्हेडरनं स्वतंत्रपणे आपले शब्द लिहिले, तेच पर्ल जॅमचं ‘फूटस्टेप्स’. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहा. गिटार तीच, माणसं दोन. कॉर्नेल संकटात सापडलेल्याला धीर देतोय, व्हेडरचं पात्र स्वतःच्या अपराधात बुडालेलं आहे.

‘हंगर स्ट्राइक’मध्ये एडी व्हेडर कसा आला?

व्हेडर तेव्हा सॅन डिएगोत राहायचा. गॉसर्ड-अमेंटच्या शब्दांविना असलेल्या डेमोची कॅसेट ड्रमर जॅक आयर्न्सकडून त्याच्यापर्यंत पोहोचली, त्यानं त्यावर गाऊन ती परत पाठवली, आणि १९९० च्या ऑक्टोबरमध्ये तो सिॲटलला आला. त्या नव्या बँडचं नाव होतं मूकी ब्लेलॉक. पुढे त्याचं पर्ल जॅम झालं.

टेंपलची तालीम चालू असताना हा नवखा मुलगा आपल्या बँडच्या तालमीची वाट बघत बसला होता. ‘हंगर स्ट्राइक’ हे कॉर्नेलला निव्वळ भरीचं गाणं वाटत होतं. खालच्या पट्टीतली ओळही तोच म्हणायचा, वरचीही तोच, आणि तारांबळ व्हायची. व्हेडर संकोचत उठला, माइकपाशी गेला आणि खालची ओळ म्हणू लागला. कॉर्नेलच्या डोक्यात होतं अगदी तसंच. त्यानं लगेच ठरवलं, हे दोघांचं गाणं.

शहरात नवीन आलेला, कुणाला फारसं ओळखत नसलेला माणूस. ज्याच्या शोकासाठी सगळे जमले त्याला तो कधी भेटलाही नव्हता. आणि मदर लव्ह बोनच्या लोकांसोबत गाणारा पुढचा गायक तोच होणार होता. कॉर्नेल त्याला बाजूला ठेवू शकला असता. त्यानं आपल्या गाण्याचा अर्धा भाग त्याला दिला. खऱ्याखुऱ्या रेकॉर्डवर स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो इथे, असं व्हेडर सांगतो.

गाण्याचा आशय साधा आहे. ज्यांच्या ताटात आधीच काही नाही त्यांच्या तोंडचा घास आपण हिसकावणार नाही, त्यापेक्षा उपाशी राहू. व्हिडिओ सिॲटलच्या डिस्कव्हरी पार्कमध्ये, समुद्राकाठी चित्रित झाला आहे.

‘रीच डाउन’ एवढं लांबलचक का आहे?

अकरा मिनिटांहून जास्त, आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ मॅक्रेडीचा गिटार सोलो. मॅक्रेडी तेव्हा नवा होता, बिचकून वाजवायचा, कुणाच्या मध्ये तर येत नाही ना म्हणून थांबायचा. हा वेळ तुझा आहे, कुणाच्याही पायावर तुझा पाय पडत नाहीये, हे त्याला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, असं कॉर्नेलनं म्हटलं आहे. मग तो असा सुटला की सोलोच्या मध्यावर हेडफोन डोक्यावरून घसरून पडले आणि उरलेला भाग त्यानं ट्रॅक न ऐकताच वाजवला. तोच टेक अल्बमवर आहे. चांगले स्पीकर असतील तर त्यांवर ऐका, मोबाइलवर त्याची निम्मी ताकद निघून जाते.

अल्बमचा निर्माता भारतीय वंशाचा होता, हे खरं का?

खरं आहे. राकेश उर्फ रिक पराशर. लंडन ब्रिज स्टुडिओ त्यानं भाऊ राजसोबत १९८५ मध्ये सिॲटलजवळ उभारला. बँडसोबत त्यानं या अल्बमची निर्मिती केली. पर्ल जॅमचा ‘टेन’ही त्याच्याच हाताखाली, त्याच स्टुडिओत १९९१ च्या वसंतात रेकॉर्ड झाला. ॲलिस इन चेन्स या सिॲटलच्याच बँडसोबतही त्यानं काम केलं. २०१४ मध्ये तो गेला. सिॲटलच्या या इतिहासात त्याचं नाव कमी वेळा घेतलं जातं, आणि ते मला सलतं.

अल्बम आला तेव्हा चालला का?

सुरुवातीला फार नाही. १६ एप्रिल १९९१ रोजी ए अँड एम रेकॉर्ड्सनं तो काढला, समीक्षकांनी वाखाणला, आणि गोष्ट तिथेच थांबली. पुढच्या वर्षभरात ‘टेन’ आणि साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’ गाजले. मग कंपनीच्या लक्षात आलं की या दोन्ही बँडची माणसं एकत्र असलेला अल्बम आपल्या कपाटात पडून आहे. १९९२ च्या उन्हाळ्यात ‘हंगर स्ट्राइक’ पुन्हा पुढे केलं गेलं आणि अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत दहा लाखांवर खपला.

याला ग्रंज म्हणायचं का?

माणसं ग्रंजची, गाणी सत्तरच्या दशकातल्या ब्लूज-रॉकच्या जवळची. नावात अडकू नका.

ते पुन्हा कधी एकत्र वाजले?

१९९२ च्या लोलापलूझा या फिरत्या संगीत महोत्सवाच्या दौऱ्यावर पर्ल जॅम आणि साउंडगार्डन दोन्ही होते, तेव्हा मधूनमधून. पुढे कॉर्नेल पर्ल जॅमच्या मंचावर आला की एखाद-दुसरं गाणं व्हायचं, उदाहरणार्थ २०११ मध्ये विस्कॉन्सिनला, पर्ल जॅमच्या विसाव्या वर्षाच्या महोत्सवात. कॅमेरॉन तर १९९८ ते २०२५ पर्ल जॅमचाच ड्रमर होता.

टेंपल ऑफ द डॉग म्हणून रीतसर दौरा मात्र एकच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, अल्बमच्या पंचविशीनिमित्त. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिॲटल. दहाच गाणी असल्यानं त्यांनी मदर लव्ह बोनची गाणीही वाजवली. अल्बमवर जे टाळलं होतं ते पंचवीस वर्षांनी मंचावर केलं, आणि तेव्हा ते कुणालाही खटकलं नाही. व्हेडर दौऱ्यात नव्हता, त्यामुळे ‘हंगर स्ट्राइक’मधल्या त्याच्या ओळी प्रेक्षकांनी गायल्या. शेवटचे कार्यक्रम सिॲटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये झाले. मार्च १९९० मध्ये अँड्र्यू वुडची शोकसभा झाली होती ती याच थिएटरात.

कॉर्नेलच्या मृत्यूनंतर या बँडचं काय झालं?

१८ मे २०१७ रोजी, डेट्रॉइटमध्ये साउंडगार्डनचा कार्यक्रम केल्यानंतर काही तासांत, क्रिस कॉर्नेलनं आपलं आयुष्य संपवलं. तो ५२ वर्षांचा होता. टेंपल ऑफ द डॉग त्याच्याशिवाय चालू राहण्याचा प्रश्नच नव्हता.

१६ जानेवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये कॉर्नेलसाठी मोठा स्मृतिसोहळा झाला. टेंपल ऑफ द डॉगमधली मंडळी मंचावर होती, आणि ‘से हॅलो टू हेवन’ पॉप गायिका मायली सायरसनं गायलं. कॉर्नेलनं मित्रासाठी लिहिलेलं गाणं त्याच्यासाठी गायलं गेलं. मायलीचं नाव वाचून काही रॉकवाले नाक मुरडतात. त्यांनी ते रेकॉर्डिंग एकदा नीट ऐकावं. ती जीव ओतून गायली आहे.

हे वाचताना तुम्हाला स्वतःला किंवा घरातल्या कुणाला आयुष्य नकोसं वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. व्यसनाबद्दलही विचारता येतं. संकोच करू नका.

वुडचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर कुठून सुरुवात करू?

मदर लव्ह बोनच्या ‘क्लोई डान्सर / क्राउन ऑफ थॉर्न्स’पासून. आधी पियानोवरचं हळवं गाणं, मग त्यातूनच उमलणारं दुसरं. साडेआठ मिनिटांच्या आसपास आहे, मध्ये थांबू नका. त्यानंतर ‘ॲपल’ पूर्ण. त्यातलं ‘स्टारगेझर’ चुकवू नका. मालफंक्शनची जुनी रेकॉर्डिंग्ज १९९५ मध्ये ‘रिटर्न टू ऑलिंपस’ नावानं आली. ती गॉसर्डच्याच लूजग्रूव्ह कंपनीनं काढली. खडबडीत आहेत, पण मुलगा किती लवकर तयार झाला होता ते कळतं.

वुडची आठवण इतरांनीही जपली. ॲलिस इन चेन्सचा पहिला अल्बम ‘फेसलिफ्ट’ त्याला आणि त्या बँडचा गिटारिस्ट जेरी कँट्रेल याच्या आईला अर्पण केलेला आहे. त्यांचं ‘वुड?’ (इंग्रजीत Would?) हे गाणंही कँट्रेलनं त्याच्याच आठवणीत लिहिलं. आणि पर्ल जॅमनं २२ ऑक्टोबर २००० रोजी, आपल्या पहिल्या कार्यक्रमाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, लास व्हेगासला ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ प्रथमच वाजवलं.

आमच्या कॉलेजच्या बँडला ही गाणी बसवायची आहेत. जमतील का?

जरूर बसवा. ‘हंगर स्ट्राइक’ला दोन गायक हवेतच, एक खर्जात भरदार, दुसरा वरच्या पट्टीत सहज जाणारा. एकानंच दोन्ही करायचा हट्ट धरू नका, तो कॉर्नेललाही सोसला नव्हता. वरची ओळ झेपत नसेल तर सरळ सूर खाली घ्या, घसा ताणून ओरडण्यात काही मिळत नाही. ‘से हॅलो टू हेवन’ वाचायला सोपं दिसतं, पण शेवटाकडे ते फार वर चढतं, त्यामुळे सुरुवातीलाच सगळा दम खर्च करू नका. ड्रमरनं कॅमेरॉन किती कमी वाजवतो ते ऐकावं.

कॉलेजच्या आवारात फक्त विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासमोर वाजवणार असाल तर सहसा परवान्याची अडचण येत नाही. पबमध्ये किंवा तिकीट लावून कार्यक्रम असेल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना आयोजकांनी घेतला आहे ना, हे आधी विचारून घ्या. आणि गाण्याआधी, हे कुणासाठी लिहिलं होतं ते लोकांना दोन वाक्यांत सांगा. अँड्र्यू वुड हे नाव आपल्याकडे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे.